टाके निघाल्यानंतर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. ज्या जिल्ह्यात या देशव्यापी योजनेचा नारळ फुटला, त्या जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांस तिचे फळ काय मिळाले, हे विचारणे अस्थानी होणार नाही.

अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची, हृदयात जन्मजात दोष आढळल्यास शस्त्रक्रिया विनामूल्य करवून द्यावयाची, ही कल्पना उत्तम आहे. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बालकांत असा दोष असतो. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे ‘निळ्या’ बालकावर झालेली शस्त्रक्रिया जगाला अद्भुत वाटली होती. आज परळच्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया नित्याच्या झाल्या आहेत. हृदयाच्या पडद्यातील भोक वेळेवर बुजविले तर बहुतेक मुले इतरांसारखे आयुष्य जगतात.

‘वेळेवर’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. मोठे भोक वर्षानुवर्षे तसेच राहिले की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो, त्या कठीण होतात, आणि मग निष्णात शस्त्रवैद्यही सुरी उचलण्यास धजत नाही. पहिल्या वर्षात सापडावयाचा दोष आश्रमशाळेत सापडणे म्हणजे कित्येकदा न सापडण्यासारखेच होय. (धावता धावता उकिडवे बसणारे मूल आळशीच असते असे नाही, हे आमच्या गुरुजनांनीही ध्यानी घ्यावे.)

यशस्वी शस्त्रक्रियेनंतर मूल पाड्यावर परतते, आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते. हृदयाची ‘इको’ तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. कृत्रिम झडप बसविली असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चुकवून चालत नाही, व त्यांचे प्रमाण ठरविण्यासाठी रक्त तपासावे लागते. किडलेल्या दातातील जंतूदेखील हृदयापर्यंत पोहोचू शकतात. मुरबाडकरास आगगाडीसाठी आधी कल्याण गाठावे लागते. एका तपासणीपायी मजुराचा दिवस बुडतो. त्यातच दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. कागदावरचा पत्ता पाड्याचा आणि मूल भट्टीवर, अशा स्थितीत आरोग्यसेविकेने त्याला शोधावे कोठे?

किती मुले तपासली, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, हे आकडे मोठ्या अभिमानाने प्रसिद्ध होतात. त्यांपैकी किती मुले पाच वर्षांनी हयात आहेत, किती शाळेत जातात, कितींचे वजन वाढले, याचा हिशेब मागितला पाहिजे. आमच्या मते शस्त्रक्रियेची फलश्रुती ती हीच. तानसा-भातसाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकरांनी तर तो आग्रहाने मागावा.

शहापूर व मुरबाड येथील सरकारी रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस बालहृदयतज्ज्ञ इकोयंत्रासह उपस्थित राहावा, आणि शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही तालुक्यातच ठेवावी, ही मागणी अवाजवी नाही. त्या नोंदवहीत दिवाळीनंतरच्या मुक्कामाचा एक रकाना अवश्य असावा.