सहवासाची वाट



विवाहसंस्काराला आठ वर्षे झालेले एक दांपत्य मागील महिन्यात आमच्याकडे आले. "फादर, दर रविवारी आम्ही बाहेर जेवायला जातो, पण ताटे उचलली की बोलायला काही उरत नाही," असे ती भगिनी म्हणाली. पतिराज मान खाली घालून बसले होते.

आम्ही म्हणालो, "या रविवारी हॉटेलचा विचारच नको. मिस्सानंतर बेळगावच्या किल्ल्यात जा. रट्ट राजवटीत, १२०४ साली उभारलेल्या कमलबस्तीच्या छतावर दगडी कमळ आहे. त्याच्या बहात्तर पाकळ्या दोघे मिळून मोजा. मग टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीपर्यंत रमतगमत चला. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी ती खोदली गेली. दोघांपैकी ज्याला जे ठाऊक असेल, ते त्याने दुसऱ्यास सांगावे."

संत लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसची वाट आपणांस ठाऊक आहेच. दोन शिष्य बोलत चालले होते आणि प्रभू त्यांच्या सोबतीला आला. भाकर मोडली गेली ती प्रवासाच्या अखेरीस. अंतःकरणे मात्र वाटेतच पेटली होती. अन्न ही परमेश्वराची देणगीच होय. परंतु संवादाची उणीव तिने भरून निघत नाही.

पुढील रविवारी ते दांपत्य मंदिराच्या पायरीवर भेटले. त्याच्या मोजणीत पाकळ्या एकाहत्तर, तिच्या मोजणीत बहात्तर! वाद अद्याप मिटला नव्हता. पुन्हा मोजण्यासाठी दोघे त्याच दिवशी किल्ल्याकडे निघाले होते. आम्ही त्यांना आनंदाने आशीर्वाद दिला.