रिफंड आला, पण कशाचा?

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो सुपरवायझर आहे. त्याच्या लाइनवरच्या एकाला आयकर खात्याचा मेसेज आला होता: तुम्ही दाखवलेली देणगी तपासून पाहा. "सर, आम्हा सगळ्यांचं रिटर्न एकाच माणसाने भरलंय," तो म्हणाला.

मी त्याला पोर्टल उघडायला लावलं. प्रोफाइलमधला ई-मेल त्याचा नव्हताच. 2022-23 चं रिटर्न पाहिलं, तर त्याने एका राजकीय पक्षाला 1 लाख 10 हजार रुपये दिलेले! या पोराने एखाद्या सभेला जाऊन वडापाव खाल्ला असेल, देणं दूरच. पगार सात लाखांच्या आसपास, रिफंड साधारण 35 हजार, त्यात एजंटचा हिस्सा.

हा एकट्याचा किस्सा नाही. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्याने देशभरात 150 ठिकाणी झडती घेतली, त्यात महाराष्ट्रही होता. खात्याच्या निवेदनानुसार आधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. तात्पुरते ई-मेल काढून ढिगाने रिटर्न भरायचे आणि नंतर ते सोडून द्यायचे, म्हणजे नोटीस कुणी वाचतच नाही, ही रीतही त्यात नोंदवली आहे.

"सरकार तरी कुठे इमानदार आहे?" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला हे पटत नाही. रमजानमध्ये आपण जकातीचे अडीच टक्के पैशापैशाने मोजतो, कुणी तपासायला येत नसताना. आणि न दिलेल्या देणगीवर सही करतो? रिटर्न एजंटने भरलं तरी कायद्याने ते आपलंच. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट.

गंमत म्हणजे याच पोराचा खरा हक्क वाया गेला होता. खोलीचं भाडं महिना साडेसात हजार, पगारात घरभाडे भत्ता, पण कंपनीत पावत्या दिल्याच नाहीत. जुन्या पद्धतीत त्याची सूट मिळते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या आत असेल तर कंपनीला मालकाचा पॅनही लागत नाही. आता तर 1 एप्रिल 2025 पासूनच्या पगारावर, नव्या पद्धतीत, 12 लाख 75 हजारांपर्यंत करच नाही. मग खोटं कशासाठी?

बँकेच्या व्याजाचंही सांगतो, कारण हा प्रश्न आपल्यातच जास्त निघतो. व्याज आपण वापरत नाही, सवाबची नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकतो. तरी ते उत्पन्न म्हणून दाखवावंच लागतं. बँकेने ते पॅनवर कळवलेलं असतं, वार्षिक माहिती विवरणात दिसतं. गरीब नातेवाइकाच्या हातात दिलेल्या जकातीवरही करसवलत नाही. आणि वर्षात दोन कंपन्या बदलल्या असतील तर दोन्हींचे फॉर्म 16 जोडून बघा.

त्याला अद्ययावत रिटर्न भरायला सांगितलं आहे. आकारणीचं वर्ष संपल्यापासून चार वर्षं ती मुभा असते, पण उशीर होईल तसा भार वाढतो: पहिल्या वर्षी कर आणि व्याजावर 25 टक्के जादा, मग 50, 60, 70.  छाननी सुरू झाली की ही वाट बंद.

ई-मेल आणि मोबाइल त्याने तिथेच बदलून स्वतःचे टाकले. एजंट फोन उचलत नाही. रविवारी लाइनवरचे आणखी पाच जण घेऊन येतो म्हणालाय.