पत्र्याखालचा तंबोरा

स्पीकर केवढ्याचे, हे पाहुणे हमखास विचारतात. ते ठेवलेत कुठे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते स्टिरिओचा निम्मा दर्जा खोली ठरवते, आणि त्यात आंजर्ल्याचं आमचं जुनं माजघर मुंबईच्या दिवाणखान्याला मागे टाकतं. सारवलेली जमीन, वर लाकडी माळा, भिंतीशी गोधड्यांची चवड. आवाज आपटून परत येत नाही. स्लॅबच्या नव्या बंगल्यांत गुळगुळीत फरशी आणि काचा. तिथे लाखाची यंत्रणाही खणखणते.

दोन स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे. त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्यावरच माझी खुर्ची. मग मल्लिकार्जुन मन्सूर मधोमध बसून गातात. अब्दुल करीम खाँची झिंझोटी मोनोतली, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरची; तीही इथे पुरून उरते.

खारा वारा मात्र वैरी. जोडणीच्या टोकांवर हिरवट थर चढतो, एलपीच्या वेष्टनांना बुरशी येते. पावसाळ्यात मी कपाटात बारका बल्ब जळता ठेवते.

आणि पत्रे! ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात कौलं उडाली, तेव्हापासून गावात बऱ्याच घरांवर पत्रे आले, आमच्या पडवीवरही. पर्याय तरी काय होता? पण आषाढाची सर कोसळली की मल्हारसुद्धा ऐकू येत नाही. आवाज वाढवून भागत नाही, तंबोरा आधी बुडतो. म्हणून म्हणते, नव्या स्पीकरआधी पत्र्याखाली फळ्यांचं छत घाला. आमचं काम गणपतीनंतर निघेल. सुताराने तारीख दिली आहे, म्हणजे दिवाळी धरा.