पायाखालच्या शिळा आणि जलरंग

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये शिरणारा माणूस प्रथम वर पाहतो. सोनेरी वेदी आणि लाकडी फलकांवर रंगविलेले संत फ्रान्सिसचे चरित्र त्याची नजर वेधून घेतात. तो उभा मात्र असतो थडग्यांवर. १६६१ साली नव्याने बांधलेल्या या चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांतील मृतांच्या शिळा बसविलेल्या आहेत. त्यांवरील कुलचिन्हे आणि लेख पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजत आले आहेत.

अशा अंतर्भागाचे चित्र जलरंगात काढले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्र क्षणात निघते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. परंतु जलरंगाची रीतच या विषयाला मानवणारी आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. जेथे उजेड दाखवावयाचा तेथे कागद कोरा सोडावा लागतो. खिडकीतून आलेला कवडसा कोणत्या शिळेवर पडला आहे, हे कुंचला भिजविण्यापूर्वीच ठरवावे लागते. त्यासाठी बराच वेळ नुसते पाहत बसावे लागते, आणि तेवढ्या वेळात पुसट अक्षरेही दिसू लागतात. उजेड राखणे म्हणजे काय, हे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या जलरंगचित्रात दाखविले आहे. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहातील आहे, के. आर. पुरमच्या वाचकाला म्हैसूर काही फार दूर नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही थडगी राज्यकर्त्यांची. ज्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच लोकांनी सोसला, तेथील सरदारांच्या कबरी आपण का जपाव्यात? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तरीही शिळा झिजून गेली तर जाच करणाऱ्याचे नावही तिच्याबरोबर जाते. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधील गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक पाहावे. ते १८११ साली मरण पावले. काशी व काठेवाड येथील बालहत्या थांबविल्याचे श्रेय त्या संगमरवरात त्यांना दिलेले आहे. ते कितपत खरे, याची चर्चा अवश्य करावी. पण त्यासाठी तो दगड वाचता आला पाहिजे.

बॉम जीझस बॅसिलिकेतील संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीसमोर गर्दी असते. फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचे ते काम १६९८ साली पूर्ण झाले. ते उंचावर आहे, सुरक्षित आहे, आणि त्याची चित्रे विपुल आहेत. चित्रकाराने समोरचा रस्ता ओलांडून त्या झिजत्या फरशीकडे यावे, असे मला वाटते. ती वास्तू पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. बसण्यापूर्वी तेथील रखवालदाराला विचारावे, आणि पाण्याचे भांडे शिळेवर न ठेवता आपल्या मांडीशी धरावे.