पैसा कुठून आला विचारता, मग छळ कुणाचा झाला तेही विचारा



पोलीस कोठडीत माणूस दगावला की त्याच्या घरी धीर द्यायला कोण जातं? बहुतेक वेळा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता जातो. तो शवविच्छेदनाचा अहवाल मागतो, वकील शोधतो, मानवाधिकार आयोगाकडे तक्रार लिहून देतो आणि वर्षानुवर्षं तारखांना सोबत करतो. या कामाला पैसा लागतो. तो देशात मिळाला नाही आणि परदेशातल्या एखाद्या न्यासाने दिला, तर त्या कार्यकर्त्याची मान सरकारच्या हातात जाते. ज्या कायद्याने जाते त्याचं नाव विदेशी योगदान (विनियमन) कायदा, म्हणजे एफसीआरए.

गेल्या दीड दशकात या कायद्याखाली २०,००० हून अधिक संस्थांची नोंदणी रद्द झाली. त्यांत बोगस संस्था होत्या, नावापुरत्या उरलेल्या होत्या, वर्षानुवर्षं विवरणपत्र न भरलेल्या होत्या. त्यांच्यासाठी आम्ही रडत नाही. हिशेब तपासलाच पाहिजे आणि लोकांच्या नावावर आलेला पैसा खाणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे. पण हाच कायदा सरकारला जाब विचारणाऱ्यांची तोंडं बंद करण्यासाठी वापरला जातो, आणि त्याविरुद्ध हे पत्रक आहे.

हे आजचं नाही. हा कायदा पहिल्यांदा झाला १९७६ साली. तेव्हा देशात आणीबाणी होती, विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. १९८० साली सत्तेवर परतलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारने १९८२ मध्ये कुदाल आयोग नेमला. चौकशी कुणाची? गांधी शांती प्रतिष्ठानची आणि सेवाग्राम-वर्ध्याशी नातं सांगणाऱ्या सर्व सेवा संघाची. त्यांच्यातले अनेक जण जयप्रकाश नारायण यांच्यासोबत इंदिरा गांधींविरुद्ध उभे राहिले होते, हे त्यांचं खरं पाप. खादी घालून ग्रामदान मागत फिरणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं हिशेबाच्या वह्या घेऊन आयोगापुढे उभं केलं गेलं.

पुढे २०१० मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने जुना कायदा मोडून नवा आणला. कायमची नोंदणी संपली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं. २०११ च्या नियमांत तर असं लिहिलं की बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको किंवा जेल भरो अशा मार्गांचा नेहमी अवलंब करणाऱ्या संघटनेला सरकार ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवू शकेल, आणि एकदा तशी ठरली की तिचा परदेशी निधी बंद. महाराष्ट्रात कांद्याच्या भावासाठी, दुधाच्या दरासाठी, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी रस्त्यावर कोण बसलेलं नाही? २०१२ मध्ये मदुराईच्या पीपल्स वॉच या संस्थेची नोंदणी निलंबित झाली. ही संस्था पोलिसी छळाच्या तक्रारी नोंदवते. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी कुडनकुलमच्या अणुभट्टीविरोधी आंदोलनामागे अमेरिकेचा पैसा घेणाऱ्या संस्था आहेत असं जाहीरपणे म्हटलं. समुद्रावर पोट असलेल्या मच्छीमारांना भीती वाटण्यासाठी अमेरिकेचा पैसा लागत नाही. तेव्हा काँग्रेसच्या मित्रांनी हे पत्रक हाती घेताना हा इतिहासही हाती घ्यावा. हत्यार त्यांनी घडवलं, आजचं सरकार ते जास्त धारदार करून चालवतं आहे.

बंद-हरताळाचा तो नियम ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आवरला. सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या, केवळ लोकांच्या प्रश्नासाठी अशा मार्गाने लढणाऱ्या संघटनेला राजकीय ठरवून तिचा निधी अडवता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याला सात महिनेही झाले नव्हते. देश करोनाने हैराण असताना २० सप्टेंबरला लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं आणि २३ तारखेला राज्यसभेतून बाहेरही पडलं. कोणत्याही समितीकडे गेलं नाही, हजारो संस्थांपैकी कुणाला विचारलं गेलं नाही.

त्या दुरुस्तीने काय केलं ते नीट वाचा, कारण दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत हे कुणी सांगत नाही. संस्था गडचिरोलीची असो वा मुंबईची, परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे. एका नोंदणीकृत संस्थेने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला त्यातला पैसा देणं बंद झालं. देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार करू न शकणाऱ्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांच्या आधाराने आदिवासी पाड्यांवर काम करत होत्या. त्यांचा झरा एका कलमाने आटला. चौकशी चालू असताना नोंदणी निलंबित ठेवण्याची मुदत १८० दिवसांवरून आणखी १८० दिवस वाढवता येते. म्हणजे काहीही सिद्ध न होता जवळजवळ वर्षभर संस्थेचा श्वास कोंडता येतो. नोंदणी रद्द झाली तर त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ताही सरकार नेमेल त्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, हे तर २०१० पासूनच होतं.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. ऐकायला हे रास्त वाटतं. पण नियमात प्रशासकीय खर्च म्हणजे काय, ते पाहा: वकिलांची आणि व्यावसायिकांची फी, कार्यालयाचं भाडं, हिशेबाचा खर्च, अहवाल लिहिण्याचा आणि दाखल करण्याचा खर्च. शाळा चालवणाऱ्या संस्थेचं एक वेळ यात निभावेल. मानवाधिकार संघटनेचं कामच मुळी कोर्टात लढणं आणि सत्यशोधन अहवाल लिहिणं हे आहे. तिचं काम खर्चाच्या रकान्यात ढकललं की तिचे हात आपोआप बांधले जातात.

ही दुरुस्ती अमलात आली २९ सप्टेंबर २०२० रोजी. त्याच दिवशी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या भारतातल्या शाखेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ईडीने १० सप्टेंबरला तिची बँक खाती गोठवली होती. ऑगस्टच्या अखेरीस या संस्थेने दिल्लीतल्या फेब्रुवारी दंगलींत पोलीस कसे वागले यावर अहवाल काढला होता. सरकारचं म्हणणं असं की संस्थेने एफसीआरए टाळून गुंतवणुकीच्या वाटेने पैसा आणला. असेल तर खटला चालवा, पुरावा मांडा, न्यायाधीशाला ठरवू द्या. खटला उभा राहण्याआधी पगाराचं खातं गोठवून संस्था बुडवणं ही निकालाआधीची शिक्षा आहे.

मुंबईशी जवळचं नातं असलेल्या लॉयर्स कलेक्टिव्हचं उदाहरण घ्या. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी उभी केलेली ही वकिलांची संस्था. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. आज घरात मार खाणारी बाई ज्या कायद्याच्या आधाराने राहत्या घराचा हक्क मागते, तो हा कायदा. परदेशी पैसा मोर्चे-धरण्यांवर आणि एचआयव्ही विधेयकासाठी खासदारांकडे पाठपुरावा करण्यावर खर्च केला, हा या संस्थेवरच्या आरोपांपैकी एक. २०१६ मध्ये तिची नोंदणी आधी निलंबित आणि मग रद्द झाली. एचआयव्हीबाधितांच्या हक्कांच्या ज्या कायद्यासाठी तिने वर्षानुवर्षं खटपट केली, तो पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, याच संसदेने संमत केला. २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून छापे घातले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईपासून संस्थापकांना संरक्षण दिलं. रुग्णांसाठी कायदा मागणं हा आपल्या देशात गुन्ह्याच्या कागदावर चढलेला आरोप आहे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आता राजकीय पक्षांकडे या. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की भाजप आणि काँग्रेस, दोघांनीही या कायद्याचा भंग करून परदेशी मालकीच्या वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्या. त्यांत स्टरलाइट होती आणि गोव्याचे डोंगर पोखरून लोहखनिज काढणारी सेसाही होती. न्यायालयाने सहा महिन्यांत कारवाई करायला सांगितलं. कारवाई झाली नाही. २०१६ च्या वित्त कायद्यात ‘परदेशी स्रोत’ कशाला म्हणायचं हेच बदललं, तेही २०१० पासून लागू होईल असं. तरी जुन्या देणग्या उघड्या राहत होत्या, म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकातून तोच बदल थेट १९७६ पासून लागू केला. लोकसभेत ते वित्त विधेयक चर्चेविना संमत झालं. खेड्यातल्या संस्थेचं विवरणपत्र उशिरा गेलं तर दंड, आणि दोन मोठे पक्ष न्यायालयात दोषी ठरले तर बेचाळीस वर्षं मागे जाऊन कायदाच बदलायचा! पीएम केअर्स निधीला या कायद्यातून सूट मिळाली, तो परदेशातून पैसा घेतो आणि माहिती अधिकारात हिशेब मागितला की दार बंद होतं. ज्या सप्टेंबर २०२० मध्ये संस्थांचा गळा आवळला, त्याच महिन्यात शस्त्रनिर्मितीत ७४ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला पूर्वपरवानगीविना वाट मोकळी झाली. देशाच्या तोफा बनवायला परदेशी पैसा चालतो. कोठडीतल्या मृत्यूचा अहवाल लिहायला तो देशद्रोही ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवताना म्हटलं की परदेशी देणगी मिळणं हा कुणाचा हक्क नाही आणि देशातही देणगीदार आहेत. न्यायालयाचा मान राखून आम्ही म्हणतो: असे देणगीदार कुठे आहेत ते दाखवा. कंपन्यांचा सामाजिक निधी शाळांच्या इमारतींना, शौचालयांना, वृक्षारोपणाला जातो. पोलिसांविरुद्ध लढणाऱ्या संस्थेला धनादेश देऊन उद्या आयकर खात्याची नोटीस ओढवून घेणारा उद्योगपती आम्हाला अजून भेटलेला नाही.

आणि देशी पैसा नाही म्हणून प्रश्न परदेशी होत नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, ते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. अमेरिकेतल्या त्या मंडळींनी दहा वर्षं निधी देण्याचं वचन दिलं होतं. बालविधवेचं केशवपन करून तिला अंधाऱ्या खोलीत बसवणारा समाज तिच्या शिक्षणासाठी पैसा काढत नव्हता. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदन पुढे पुण्यात आलं, तिथे धर्मांतराच्या आरोपांवरून वादळ उठलं आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंशी वाद घालणाऱ्यांनी घातला, तो त्यांचा हक्क होता. पण पैसा बोस्टनचा होता म्हणून गोदूबाईचं दुःख बोस्टनचं झालं नाही.

आम्ही मोकळीक मागत नाही, न्याय्य कायदा मागतो. नोंदणी किंवा नूतनीकरण नाकारताना गृह मंत्रालयाने लेखी कारणं द्यावीत आणि आधी म्हणणं ऐकून घ्यावं. आज फेरविचाराचा अर्जही त्याच केंद्र सरकारकडे करावा लागतो. अपील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जावं. खातं गोठवायचं तर न्यायालयाच्या आदेशाने आणि ठरावीक मुदतीपुरतं. वकिलांची फी आणि अहवालांचा खर्च प्रशासकीय मर्यादेतून वगळावा. छोट्या संस्थांना निधी देण्यावरची बंदी उठवावी. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने आपल्या संकेतस्थळावरून रद्द नोंदण्यांच्या याद्या आणि संस्थांची वार्षिक विवरणपत्रं काढून टाकली, ती परत लावावीत. लोकांना पारदर्शकता शिकवणाऱ्या खात्याने आधी स्वतःचं कपाट उघडावं.

तुमच्या तालुक्यात कोठडीतल्या मृत्यूंवर, वेठबिगारीवर, जातीच्या अत्याचारांवर लढणारी एखादी संस्था असेल. तिच्या कार्यालयात जा, हिशेबाची वही मागा, ती दाखवेल. पटलं तर महिन्याला शंभर रुपये द्या आणि पावती घ्या. मग तुमच्या खासदाराला पत्र लिहा: २०१८ मध्ये पक्षांच्या देणग्यांना १९७६ पासून माफी देणाऱ्या तरतुदीच्या बाजूने तुमचा पक्ष होता की विरोधात, आणि आमच्या तालुक्यातल्या संस्थेलाही तीच माफी देणार का? उत्तर लेखी मागा.