पदराची उलटी बाजू

परवा वहिनीने मोबाइलवर एका छापील खणाच्या कुर्त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे लोकरीत विण ना!" आधी चिडले, मग माझं मलाच हसू आलं. कारण असला उद्योग मी स्वतः करून बसले आहे.

झालं असं, की आजीचं नऊवारी इरकल माझ्याकडे आलं. लाल पदर, त्यावर पांढऱ्या दातेरी रेघा. मी लगेच चौकटीच्या वहीत ती नक्षी उतरवली आणि लाल-पांढऱ्या लोकरीची शाल सुयांवर घातली. दोन वीत विणून बघते तर सगळे दात बसके! विणकामातला टाका चौरस नसतो, उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो. चौकटीतलं चित्र लोकरीत उतरलं की चेपतं. (इतकी वर्षं विणतेय, ठाऊक होतं हो. मोहात विसरले.) शिवाय मागे लोंबत्या धाग्यांचं जंजाळ. मनालीला घेतलेल्या मोज्यांत ते आत लपतं, शालीत कुठे लपवणार? सगळं उसवलं.

मग एका दुपारी ते इरकल उलटं करून नुसती बघत बसले. पदर जिथे अंगाला मिळतो तिथे शिवण नाही. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, म्हणजे दोन्ही वेगळे. इलकलचे विणकर एका ताण्याचे फास दुसऱ्या ताण्याच्या फासांत अडकवतात आणि पुढे विणत जातात. फासात फास! अहो, आम्ही सुयांवर दुसरं काय करतो?

तेव्हापासून मी कुठलंही कापड आधी उलटं करते. दुकानदार वैतागतात, वैतागू देत. येवल्याला मागावरची पैठणी पाहिली. रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकून मागे फिरतात, म्हणून ती दोन्हीकडून सुबक. लोकरीत मोर विणायचा तर हेच करायचं. प्रत्येक रंगाचा वेगळा छोटा गुंडा, आणि रंग बदलताना धाग्याला धाग्याचा पीळ. नाही तर तिथे भोक पडतं.

वहिनी म्हणते, "एवढं कोण बघतं? रंग छान दिसले की झालं." तिचंही खोटं नाही. छापील खण स्वस्त पडतो, धुवायला सोपा, तिला रोज ऑफिसला घालायचा असतो. माझी तक्रार कुर्त्याबद्दल नाहीच. पण गुळेदगुड्डचा विणलेला खण हातात घेतला की नक्षी बोटांना लागते, मागचे धागे दिसतात, कसं केलं असेल ते कोडं सोडवावंसं वाटतं. छापलेल्याच्या मागे पाहावं तर पुसट रंग. त्याच्याकडून मी शिकू काय?

असो. शाल पुन्हा घातली. अंग काळ्या सुती धाग्याचं, आणि शेवटचे टाके बंद न करता त्याच फासांतून लाल रेशमी धाग्याचा पदर पुढे काढला. नक्षी नाही, फक्त दोन पांढऱ्या रेघा. वहिनीने बघितली आणि म्हणाली, "ह्यात इरकल कुठंय?" मी जोड दाखवला. तिने बोट फिरवून पाहिलं, उलटी करून पाहिली, आणि आता तिला तीच हवी आहे. देणार नाही, दुसरी विणून देईन म्हटलंय. लाल धागा संपलाय, तो आधी शोधायला हवा.