घरबसल्या खाणकाम : आतबट्ट्याचा व्यवहार

मध्यमवर्गीय कुटुंबात जुनी वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. ती माळ्यावर जाते, आणि कधीतरी उपयोगी पडेल या भरवशावर तेथे वर्षानुवर्षे राहते. अलीकडे या वस्तूंत जुन्या संगणकांची भर पडली आहे. असा निरुपयोगी झालेला संगणक पुन्हा सुरू करून ठेवला, तर तो रात्रंदिवस आपोआप पैसे मिळवील, असे कोणी सांगितले म्हणजे त्या मोहात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी सापडले तर नवल नाही. क्रिप्टोकरन्सी, म्हणजेच कूटचलन, घरच्या संगणकावर ‘खणून’ काढण्याचा हा सल्ला गेली काही वर्षे सर्रास दिला जात आहे. कूटचलन हे भावी काळाचे चलन आहे की निव्वळ सट्टा आहे, हा वाद मोठा आहे. परंतु जुन्या संगणकावरील खाणकाम परवडते की नाही, हे ठरवण्यासाठी त्या वादात शिरण्याचे कारण नाही. त्यासाठी गुणाकार, भागाकार आणि विजेचे बिल एवढी सामग्री पुरेशी आहे.

‘खाणकाम’ हा शब्दच मुळात फसवा आहे. या खाणीत कोठलाही साठा पुरलेला नसतो. बिटकॉइन ही जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी एक सार्वजनिक खतावणी आहे. तिच्यात सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे एक नवे पान जोडले जाते आणि ते जोडण्याचा अधिकार एका स्पर्धेने ठरतो. पानावरील नोंदींबरोबर एक आकडा घालून त्यांवर ठराविक गणिती प्रक्रिया करायची आणि येणारे उत्तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे की नाही ते पाहायचे, एवढाच या स्पर्धेचा प्रकार. नसल्यास दुसरा आकडा घ्यायचा. येथे बुद्धीला वाव नाही. आकडे लावून पाहणे एवढेच काम. ज्याला योग्य आकडा प्रथम सापडेल त्याला नवे बिटकॉइन आणि व्यवहारांवरील शुल्क मिळते. इतरांच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय आधीचे फसलेले प्रयत्न पुढे उपयोगी पडत नाहीत. वर्षभर राबलेल्या यंत्राची संधी आज सकाळी सुरू झालेल्या तशाच यंत्राहून तिळमात्र अधिक नसते.

हे बक्षीस कायम सारखे राहात नाही. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लिहिले गेले तेव्हा ते ५० बिटकॉइन होते. दर २ लाख १० हजार पानांनंतर ते निम्मे होते. त्यानुसार ते २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ झाले. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक कधीच होणार नाहीत, अशी मूळ रचनाच आहे.

याहूनही महत्त्वाचा नियम दुसराच आहे. साखर कारखान्याने चरक वाढवले आणि ऊस मिळाला तर साखर अधिक निघते. बिटकॉइनच्या बाबतीत तसे घडत नाही. स्पर्धेत यंत्रे वाढली आणि पाने दहा मिनिटांहून लवकर लिहिली जाऊ लागली, तर दर २०१६ पानांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोडे आपोआप अधिक कठीण केले जाते. उत्पादन वाढत नाही, तेच उत्पादन अधिक जणांत वाटले जाते. दुसऱ्याने नवे यंत्र आणले की पहिल्याचा वाटा त्याचा काहीही दोष नसताना घटतो. नफा दिसेल तोपर्यंत नवी यंत्रे येत राहणार, आणि अखेरीस ज्याची वीज सर्वांत स्वस्त व यंत्र सर्वांत कार्यक्षम तोच टिकणार, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमांवरूनच उघड होते.

यंत्रांची शर्यत

प्रत्यक्षात घडलेही तसेच. २००९ मध्ये साधा घरगुती संगणक या कामाला पुरेसा होता. त्या काळी ज्यांनी असे संगणक चालू ठेवले त्यांना खरोखरच हजारो बिटकॉइन मिळाले, आणि आजच्या साऱ्या दंतकथा त्याच काळातल्या आहेत. परंतु तेव्हा त्या बिटकॉइनना किंमत जवळजवळ नव्हती. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी १० हजार बिटकॉइन मोजले, यावरून त्या वेळच्या मोलाची कल्पना यावी. त्याच वर्षी खेळांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे या कामाला जुंपली गेली आणि साधे संगणक मागे पडले. २०१३ मध्ये केवळ याच एका गणितासाठी घडवलेल्या खास चिपा बाजारात आल्या आणि ग्राफिक्स कार्डेही निकालात निघाली. ‘अँटमायनर एस-२१’ हे अलीकडचे एक यंत्र सुमारे ३,५०० वॉट वीज घेते आणि सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न करते. जुना घरगुती संगणक १०० वॉट विजेत सेकंदाला फार तर एक कोटीच्या आसपास प्रयत्न करील. म्हणजे हे यंत्र वीज पस्तीसपट घेते, पण काम दोन कोटीपट करते. अशी यंत्रे हजारोंच्या संख्येने गुदामांत मांडून आणि वीजनिर्मिती केंद्रांशी घाऊक दराचे करार करून बसलेल्या कंपन्या आज या धंद्यात आहेत.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. २०२५ मध्ये बिटकॉइनच्या जगभरच्या जाळ्याची एकत्रित शक्ती सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या प्रयत्नांच्या घरात पोहोचली. ही संख्या म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी, आणि त्याला पुन्हा गुणिले एक कोटी. जुन्या संगणकाचे प्रयत्न एक कोटी धरले, तर त्याचा वाटा कोटी कोटी भागांतील एक भाग होतो. इतक्या वाट्यावर स्वतंत्रपणे एक पान जिंकायला सरासरी १९० कोटी वर्षे लागतील. एकट्याने न लढता अनेकांच्या समूहात सामील व्हावे आणि बक्षीस वाट्याप्रमाणे वाटून घ्यावे, हा त्यावरचा प्रचलित उपाय. त्याचेही गणित अवघड नाही. दिवसाला सुमारे १४४ पाने आणि प्रत्येकी ३.१२५ याप्रमाणे रोज ४५० नवे बिटकॉइन निर्माण होतात; वर्षाला १ लाख ६४ हजार. एका बिटकॉइनचा भाव उदारपणे एक कोटी रुपये धरला, तरी जुन्या संगणकाच्या वाट्याला वर्षाकाठी येतात दीड ते पावणेदोन पैसे. व्यवहार-शुल्कातील वाटा धरला तरी या आकड्यात फरक पडत नाही. आणि समूहांच्या देणे चुकवण्याच्या किमान मर्यादा पाहता हे पैसेही हाती पडणार नाहीत.

खर्चाची बाजू पाहावी. १०० वॉटचा संगणक अखंड चालू ठेवला तर वर्षाला ८७६ युनिट वीज लागते. युनिटला आठ रुपये धरले तर सात हजार रुपये होतात. येथे आणखी एक मुद्दा नजरेआड होतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने हा संगणक चालू केला, तर वाढणारी सुमारे ७३ युनिटे पुढच्या, महाग टप्प्यात पडतात. म्हणून बिलाचा सरासरी दर धरून चालत नाही. शेवटच्या युनिटाला पडणारा दरच हिशेबात घ्यावा लागतो. ‘संगणक तर फुकटच पडून होता’ हे म्हणणे याच ठिकाणी लंगडे पडते. यंत्राची किंमत पूर्वीच खर्ची पडलेली असते, हे खरे. पण ते चालवण्याचा खर्च दर तासाला नव्याने होत असतो.

भावाची आशा

यावर एक युक्तिवाद हमखास केला जातो. आज परवडत नसले तरी उद्या भाव वाढेल. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरची पातळी प्रथमच ओलांडली, ती आणखी कितीतरी वर जाईल. मग आजचे अल्प उत्पन्नही मोठे होईल, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु भाव वाढणार असा ज्याचा विश्वास आहे, त्याने विजेसाठी खर्चायचे सात हजार रुपये थेट बिटकॉइन विकत घेण्यात घातले, तर वरील भावानेच त्याला खाणकामातून मिळणाऱ्या बिटकॉइनच्या चार लाखपट बिटकॉइन मिळतील. भाव दुप्पट होवो की दसपट, हे प्रमाण बदलत नाही. तेव्हा भाववाढीची आशा हे फार तर खरेदीचे समर्थन होईल, आणि तेही त्यातील जोखीम पत्करून. खाणकामाचे समर्थन त्यातून होत नाही. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली, ती जमिनीतले सोने संपले म्हणून नव्हे. सोने काढण्याचा खर्च मिळणाऱ्या सोन्याच्या मोलाला भारी झाला होता. सोन्याच्या भविष्यावर विश्वास असलेल्यानेही त्या खाणीत उतरण्याऐवजी सराफाकडे जाणेच शहाणपणाचे होते.

बिटकॉइन नाही तर दुसरे नाणे घ्यावे, असेही सुचवले जाते. इथेरियम हे दुसऱ्या क्रमांकाचे कूटचलन ग्राफिक्स कार्डांवर खणले जात असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने ही पद्धतच सोडून दिली आणि त्या कार्डांचा धंदा एका दिवसात बसला. मोनेरो या चलनाने मात्र नोव्हेंबर २०१९ पासून साध्या संगणकाला अनुकूल असे गणित मुद्दाम स्वीकारले आहे. तेथे जुन्या संगणकाचा वाटा पैशांऐवजी रुपयांत मोजता येतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही नव्या, अधिक कार्यक्षम संगणकांशी त्याची स्पर्धा असतेच आणि दिवसाकाठी पडणाऱ्या एकोणीस-वीस रुपयांच्या विजेपुढे त्याची कमाई सामान्यतः दोन-तीन रुपयांच्या पलीकडे जात नाही. ‘कॉइनहाइव्ह’ या सेवेचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २०१७ मध्ये निघालेली ही सेवा संकेतस्थळ पाहायला येणाऱ्यांच्या संगणकांवर मोनेरोचे खाणकाम करवून घेई. पुष्कळ ठिकाणी तिचा वापर पाहुण्याला न विचारता झाला. मार्च २०१९ मध्ये तीही न परवडल्याने बंद पडली. यंत्र दुसऱ्याचे, वीजही दुसऱ्याची, आणि तरीही धंदा टिकला नाही. मग दोन्ही स्वतःच्या खर्चाने पुरवणाऱ्याची कथा काय वर्णावी?

वीज आपल्याला फुकट पडते, हा शेवटचा बचाव. वसतिगृहातील विद्यार्थ्याला किंवा कार्यालयातील कर्मचाऱ्याला तसे वाटणे शक्य आहे. परंतु ती वीज फुकट नसते, तिचे बिल संस्था, म्हणजेच इतर सर्वजण, भरत असतात. अशा कृत्याला काटकसर म्हणता येत नाही. त्याला निराळे नाव आहे. छतावर सौर पट्ट्या बसवलेल्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांनीही हे ध्यानी घ्यावे की वापरून उरलेले युनिट ग्रीडमध्ये गेले तर त्यांचे बिल कमी होते. ते युनिट खाणकामात जाळल्यास तेवढा लाभ बुडतो. थंड देशांत यंत्राच्या उष्णतेने खोली तरी उबदार होते. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात ती उष्णता घालवायला पंखा वेगळा लावावा लागेल.

त्यात कराची भर आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर तीस टक्के कर आहे आणि संपादनाची किंमत सोडता कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. खाणकामाच्या साधनसामग्रीवरील खर्च संपादनाच्या किमतीत धरला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. तोटा इतर उत्पन्नातून वळता करण्याचीही सोय नाही. तेव्हा करदात्याचा खर्च त्याचा एकट्याचा, उत्पन्नात मात्र सरकार भागीदार, अशी ही व्यवस्था आहे.

अज्ञानाची किंमत

दोन पैशांसाठी सात हजार घालवणारा मनुष्य बिल पाहून महिन्या-दोन महिन्यांत शहाणा होईल. त्याचे फारसे बिघडणार नाही. खरा धोका पुढे आहे. घरच्या यंत्रावर जमत नाही असे कळल्यावर, ‘आमच्याकडे पैसे द्या, आम्ही तुमच्या वतीने मोठ्या यंत्रांवर खाणकाम करू’ असे सांगणारे पुढे येतात. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी ज्याच्या सूत्रधारांवर कारवाई केली, त्या ‘गेनबिटकॉइन’ प्रकरणात अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष खाणकामाच्याच नावाने दाखवले गेल्याचा तपासयंत्रणांचा आरोप आहे. जो धंदा नियमानेच नफा कमी कमी करत नेतो, त्यात दरमहा दहा टक्के कोण व कसे देणार, हा प्रश्न गुंतवणूकदाराने विचारायला हवा. तो विचारण्यासाठी कोड्याची काठिण्यपातळी आपोआप वाढते, एवढे एकच तत्त्व ठाऊक असणे पुरेसे आहे.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी या विषयाकडे पाठ फिरवावी असा नाही. एखाद्याने जुन्या संगणकावर चार दिवस हे खाणकाम चालवून पाहिले, ती खतावणी कशी लिहिली जाते ते समजून घेतले, तर विजेचे ऐंशी रुपये प्रयोगशाळेचे शुल्क म्हणून सत्कारणी लागले असे म्हणता येईल. त्यानंतर तो संगणक एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यावा. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घातली तर मुलांना टंकलेखन आणि प्रोग्रॅमिंग शिकायला तो पुष्कळदा पुरेसा होतो. तेवढाही उपयोग नसेल, तर ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात त्याच्या धातूंची रास्त विल्हेवाट लागेल. कष्टाविना मिळणाऱ्या पैशाचे आकर्षण प्रत्येक पिढीला नव्या रूपात भेटते. त्याला उपदेशाने आवर बसत नाही; परंतु जमेची आणि खर्चाची बाजू एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिण्याची सवय असेल, तर बहुतेक वेळा तो बसतो.